सायंकाळ आणि कातरवेळ

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. ‘जणू’ किंवा ‘गमे’ दिसले की विद्यार्थी उत्प्रेक्षा लिहितो, ‘सारखा’ दिसला की उपमा लिहितो आणि गुण पदरात पाडून मोकळा होतो. परंतु धड्यातील कथा वाचताना अमुक एका परिच्छेदापाशी मन उदास का झाले, असे त्यालाच विचारले, तर तो गोंधळतो. ‘लेखकाने वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे’ हे वाक्य त्याला मार्गदर्शकातून पाठ असते. ती निर्मिती कोणत्या शब्दाने साधली, तो शब्द काढून दुसरा घातला असता तर काय बिघडले असते, याचा शोध घेण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला, आणि तो योग्यच होता. पण दर्जा मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मिळतो. भाषेची जाण अशी एका दिवसात मिळत नाही. ती वाचनाने आणि कानाने मिळवावी लागते. कथा-कादंबरीत शब्द काय काम करतात हे ज्याला कळत नाही, त्याला भाषेच्या वैभवाची पोथी वारशाने मिळाली तरी ती बासनातच राहते.

सोडून दिलेल्या शब्दांची किंमत

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात एक साधा सिद्धांत सांगितलेला असतो. कोणत्याही निवडीची खरी किंमत, त्या निवडीसाठी ज्या पर्यायावर पाणी सोडावे लागले त्याच्यावरून ठरते. लेखनव्यवहारालाही हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. कथालेखक एक शब्द लिहितो तेव्हा त्याने त्याच अर्थाचे आणखी चार शब्द बाजूला सारलेले असतात. ते चार ज्याला ठाऊक नाहीत, त्याला लिहिलेल्या पाचव्याचे मोल कळणे कठीण.

सूर्य मावळण्याची वेळ घ्या. घड्याळाच्या दृष्टीने ती एकच. पण मराठीत तिला किती नावे आहेत! ‘सायंकाळ’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेतला आणि सभेच्या सूचनेतला. तो ‘ठीक ६ वाजता’च्या शेजारी शोभतो. ‘संध्याकाळ’ ही रोजच्या व्यवहारातली; तिला स्वतःचा असा फारसा रंग नाही, म्हणून ती कुठेही चालते. ‘दिवेलागण’ म्हटले की घर आले, कोनाडा आला, दिवा लावणारा हात आला. ‘तिन्हीसांजा’ म्हटले की शुभंकरोती आली, आणि ‘या वेळी झोपू नये, केर काढू नये, कोणाला उसने देऊ नये’ असे बजावणारी आजीही आली. आणि ‘कातरवेळ’? त्या शब्दात भीतीचा थरकाप आधीच भरलेला आहे. कातर स्वर, कातर डोळे यांच्या सोयरिकीने तो अर्थ घेऊन येतो.

आता एक माणूस बऱ्याच वर्षांनी गावी परतला, एवढीच घटना समजा. तो सायंकाळी परतला असे लिहिले तर ती नोंद होते. दिवेलागणीला परतला म्हटले तर कोणीतरी त्याची वाट पाहत असावे असे वाटते. तिन्हीसांजेला परतला म्हटले तर काही अशुभ तर घडले नसेल ना, अशी शंका चाटून जाते. कातरवेळी परतला म्हटले की त्याच्याच मनात काहीतरी हलते आहे हे कळते. घटना बदलली नाही, माणूस बदलला नाही, एकही विशेषण खर्ची पडले नाही. तरी कथेचे हवामान चार वेळा बदलले.

मरणाचेही तसेच. वर्तमानपत्रात माणसाचे निधन होते. सरकारी कागदात तो ‘मयत इसम’ होतो. घरात तो ‘गेला’ असतो. जुन्या वळणाची माणसे ‘निवर्तले’ म्हणतात. गुरे दगावतात. आणि ‘मेला’ हा शब्द तर इतका अजब की रागाने उच्चारला तर शिवी, आणि एखाद्या आत्याबाईने ‘अरे मेल्या’ म्हणून हाक मारली तर माया! बापाच्या मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेलेल्या मुलाची कथा लिहायची झाली, तर तिचे सारे दुःख ‘गेले’ आणि ‘मयत’ या दोन शब्दांमधल्या अंतरात मावू शकेल. मुलगा ‘बाबा गेले’ म्हणतो आणि टेबलापलीकडचा कारकून अर्जात ‘मयताचे नाव’ विचारतो. कारकुनाचा यात काहीही दोष नाही. तो आपले काम करतो आहे. पण वाचकाच्या घशाशी जो आवंढा येतो तो त्या दोन शब्दांच्या टकरीतून येतो.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांना हे ठाऊक होते. काश्मीरचा कुंतक हा दहाव्या-अकराव्या शतकातला साहित्यमीमांसक. त्याने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात ‘पर्यायवक्रता’ नावाचा एक प्रकारच सांगितला आहे. एका अर्थाचे अनेक शब्द उपलब्ध असताना कवी नेमका जो शब्द उचलतो, त्या निवडीतच काव्याचे वैशिष्ट्य असते, असा त्याचा आशय. आपल्या अभ्यासक्रमांनी संस्कृत साहित्यशास्त्रातून अलंकारांची यादी तेवढी घेतली आणि निवडीचा हा विचार मागे ठेवला, ही दुर्दैवाची गोष्ट होय.

मंजुघोषेकडून यमूकडे

मराठी कादंबरीचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे जग राजवाड्यांचे, विलक्षण सौंदर्याचे आणि विलक्षण संकटांचे. त्यांची भाषाही त्या जगाला साजेशी, भरजरी. अशा भाषेने वाचक थक्क होतो. परंतु तिची अडचण अशी की सुख, दुःख, भय या साऱ्यांना ती एकच शालू नेसवते. मग कशाचाच स्वतःचा चेहरा दिसत नाही.

१८९० नंतर ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ येऊ लागली आणि मराठी वाचकाला यमू भेटली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, आणि ती माजघरातल्या बोलीत सांगते. आपट्यांनी केलेली ही निवड साहसाची होती. विधवेच्या यातनांवर अलंकारिक गद्यात पानेच्या पाने लिहिता आली असती. वाचकाने त्यांवर दोन टिपेही गाळली असती आणि पुस्तक मिटले असते. पण स्वतःच्या बहिणीचा, स्वतःच्या वहिनीचा आवाज कानी पडल्यावर पुस्तक मिटणे अवघड जाते. शोकाचे शब्द कमी केल्याने शोक वाढला.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण तर घराघरांतले. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला ‘प्रकरणे’ नाहीत. त्याला ‘रात्री’ आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, तिसरी रात्र. एवढ्या एका शब्दाने वाचकाची जागा बदलते. प्रकरण वाचायचे असते, रात्र ऐकायची असते. आश्रमातली प्रार्थना आटोपली आहे, मुले गोळा झाली आहेत, कोणीतरी हळू आवाजात आईची आठवण सांगते आहे, हे सारे त्या शीर्षकातच येऊन जाते. पुढच्या मजकुरात डोळे पाणावतात. त्याची निम्मी तयारी या ‘रात्री’ने आधीच केलेली असते.

उपमा कोणाच्या घरची?

उपमा-रूपकांकडे वळले की प्रश्न थोडा वेगळा होतो. उपमा कोणती, यापेक्षा ती कोणाच्या घरून आणली आहे, हे पाहावे लागते. मेंढपाळाला ढग पिंजलेल्या लोकरीसारखा दिसेल. जुन्या कचेरीतल्या कारकुनाला तोच ढग शाई प्यायलेल्या टीपकागदासारखा दिसेल. दोघांच्या उपमांची अदलाबदल केली तर व्याकरण बिघडणार नाही, पण दोघेही खोटे वाटू लागतील. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्य’ म्हणून जे सांगितले त्याचा कथेच्या संदर्भातला अर्थ बहुधा हाच.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पाहावी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, आणि अखेरीस दुष्काळ त्या वाडीला ओस पाडतो. विषय असा की कोणाही लेखकाला हुंदक्यांचा मोह व्हावा. माडगूळकर तो मोह टाळतात. वाक्ये आखूड, शब्द रोजचे. उपमा थोड्या, आणि ज्या आहेत त्या त्याच माळावरच्या, त्याच मेंढरांच्या, त्याच मातीच्या. त्यामुळे वाडी रिकामी होते तेव्हा लेखकाने ती रिकामी केली असे वाटत नाही. ती खरोखरच रिकामी झाली असे वाटते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत हे काम शीर्षकापासूनच सुरू होते. ‘आग’ डोळ्यांना दिसते, ‘ज्वाला’ कवितेत शोभते, ‘दाह’ पुस्तकी आहे. ‘धग’ दिसत नाही; ती जवळ उभे राहणाऱ्याच्या अंगाला लागते. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या कौतिकची ही कहाणी वऱ्हाडी बोलीच्या आधाराने उभी राहते, आणि ती वाचकाला तेवढ्याच अंतरावर उभे करते, जिथे ज्वाला दिसत नाही पण कातडी पोळते.

याच्या अगदी उलट वाट जी. ए. कुलकर्णी यांची. त्यांची उपमा-प्रतिमांची वीण दाट. त्यांच्या संग्रहांची नावे क्रमाने घ्यावीत: ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६), ‘काजळमाया’ (१९७२). प्रत्येक नावात एक रंग आहे, आणि वाटचाल अखेरीस काजळापाशी येते. पुढे १९७७ मध्ये ‘पिंगळावेळ’ आला. पिंगळा म्हणजे घुबडाच्या जातीचा लहानसा पक्षी. आणि पहाटेच्या अंधारात दारोदार येऊन भविष्य सांगणाराही पिंगळाच. रात्र सरलेली नाही, दिवस उजाडलेला नाही, आणि कोणीतरी दारात उभे राहून आपले प्राक्तन उच्चारते आहे, असे सारे त्या एका जोडशब्दात आहे. जी. एं.ची माणसे नियतीच्या फेऱ्यात सापडलेली असतात, हे समीक्षक सांगतात. त्यांच्या प्रतिमा वाचकालाही त्याच फेऱ्यात अडकवतात. म्हणून येथे अलंकारांची दाटी खटकत नाही. साधेपणा हाच एकमेव गुण, असा नियम कोणी माडगूळकरांवरून काढू नये, एवढ्यासाठी जी. ए. वाचावेत.

एका क्रियापदात किती सामर्थ्य असू शकते, हे बाबुराव बागुलांच्या १९६३ मधील संग्रहाच्या नावावरून समजते: ‘जेव्हा मी जात चोरली होती’. रेल्वेत नोकरीला लागलेला एक दलित तरुण आपली जात उघड करीत नाही, ही शीर्षककथेची बीजघटना. व्यवहारात आपण ‘जात लपवली’ असे म्हणू. बागुल ‘चोरली’ म्हणतात. लपवतो ती वस्तू स्वतःची असते. चोरतो ती दुसऱ्याची. मग जन्माने लादलेल्या जातीचा मालक कोण, आणि ती दडवल्याबद्दल चोराची शिक्षा देणारे कोण, हा प्रश्न कथा उघडण्यापूर्वीच उभा राहतो. शिवाय मराठीत अंगही चोरतात, नजरही चोरतात. चारचौघांत आकसून, दबून, स्वतःला लहान करून बसलेला माणूस त्या क्रियापदात दिसतो. गुन्हा आणि अपमान या दोहोंची सावली एकाच शब्दाने पाडली आहे. येथे अलंकार ओळखून गुण मिळतील. पण हा शब्द ओळखला नाही तर कथाच हातून निसटेल.

त्याच वर्षी आलेल्या ‘कोसला’मध्ये भालचंद्र नेमाड्यांनी तिसराच मार्ग चोखाळला. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातून पुण्यास शिकायला आलेला तरुण ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ असे निर्जीव, वहीखात्यातले शब्द पेरीत स्वतःविषयी बोलतो. सुरुवातीला हसू येते. हळूहळू लक्षात येते की हा कोरडेपणा म्हणजे त्याचे चिलखत आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी ते चिलखत तडकते, आणि इतका वेळ हसणारा वाचक एकदम गप्प होतो.

रूपकांची चलनवाढ

चलनी नोटा भरमसाट छापल्या की नोटेची क्रयशक्ती घटते. रूपकांचेही असेच होते. ‘पायाखालची वाळू सरकली’, ‘काळजात चर्र झाले’, ‘आभाळ कोसळले’ ही एके काळची खणखणीत नाणी. आज ती इतक्या हातांतून गेली आहेत की त्यांच्यावरचा छाप पुसला गेला आहे. नोकरी गेली तरी आभाळ कोसळते आणि क्रिकेटचा सामना हरला तरी कोसळते. लेखकाने मग आणखी मोठे आभाळ आणायचे ठरवले की भाषा नुसती ओरडू लागते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. इतकी चिरफाड केल्यावर कथेचा आनंद उरेल काय? फूल कुस्करून सुगंध शोधण्यासारखेच हे नाही काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. प्रत्येक ओळीपाशी थांबणारा वाचक कथा वाचीतच नाही. परंतु गाण्याच्या मैफलीत राग ओळखणारा श्रोता कमी आनंदित होतो, असा अनुभव नाही. आधी कथेने झपाटून जावे, मग मागे फिरून पाहावे, हाच क्रम योग्य. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शब्दांनी भाववातावरण निर्माण करता येते, तर ते खोटेही निर्माण करता येईल. येईलच, आणि रोज येते. भावुक कथा-कादंबऱ्या आणि मालिका त्यावरच चालतात. म्हणून तर वाचकाने तपासावयाचे असते की आपल्या मनात उठलेला भाव पात्राच्या वस्तुस्थितीतून आला, की केवळ शब्दांच्या वाजंत्रीतून.

दुष्काळ की टंचाई?

ही तपासणी साहित्यापुरती मर्यादित राहत नाही. शब्दाने वातावरण बदलते हे सत्य कथालेखकाइतकेच राज्यकर्त्यांनाही माहीत असते. बनगरवाडी दुष्काळाने ओस पडली, असे वाचक सहज म्हणतो. पण ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाल्यानंतर आठ वर्षांनी, १९६३ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला. दुष्काळ गेला, टंचाई आली. न्यायाने बोलायचे तर या बदलाला काही आधार होता. भुकेने माणसे मोठ्या संख्येने मरतात तो दुष्काळ, आणि वेळीच मदतकार्य सुरू करून तशी पाळी येऊ दिली जात नाही ती टंचाई, असा भेद शास्त्राला अमान्य नाही. परंतु शब्दासोबत वातावरणही बदलले, हे नाकारता येणार नाही. दुष्काळ हा शब्द झोप उडवतो. टंचाईवर बैठक घेता येते.

यानंतर नऊच वर्षांनी १९७२ साल उजाडले. लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि माती उपसायला कामांवर गेली. कायद्याच्या पुस्तकात शब्द नव्हता, पण लोकांच्या तोंडी होता. आजही खेड्यातला म्हातारा ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतो. ‘बहात्तरची टंचाई’ असे म्हणताना कोणी ऐकलेले नाही. लोकांनी आपला शब्द सोडला नाही, कारण त्या शब्दात त्यांची सुकडी, त्यांची विकलेली गुरे आणि त्यांची पायपीट होती.

कथेत ‘तिन्हीसांजा’ आणि ‘सायंकाळ’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला सरकारी पत्रकात, पुढाऱ्याच्या भाषणात आणि जाहिरातीत शब्द कुठे बदलला आहे, हेही कळू लागते. ज्याला तो कळत नाही त्याला कोणत्याही वातावरणात सहज नेऊन बसवता येते. साहित्याच्या तासाला नागरिकशास्त्राची ही जोड आहे, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. शिक्षकाने कथेतला एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. मग त्यातला एकच शब्द बदलून तोच परिच्छेद पुन्हा वाचावा आणि वर्गाला एवढेच विचारावे: काय गेले? पहिल्या दिवशी वर्ग गप्प राहील. आठवड्याभरात एखादी मुलगी म्हणेल, ‘सर, भीती गेली’. एखादा मुलगा म्हणेल, ‘आता ते आमच्या घरचे वाटत नाही’. आजीकडून ऐकलेले, पुस्तकात नसलेले शब्द मुले वर्गात आणू लागतील. परीक्षेतही ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाच्या जोडीला ‘येथे हाच शब्द का?’ असा एक प्रश्न घालण्यास हरकत नसावी. त्याचे उत्तर मार्गदर्शकात छापता येणार नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.